गोल दिसला की तोफ?

मागच्या महिन्यात ठाण्यात एका वाचनालयाच्या हॉलमध्ये छोटंसं व्याख्यान होतं, विषय दुसऱ्या महायुद्धातलं ठाणे. तिथं पडद्यावर खाडीकाठचा एक जुना काळा-पांढरा हवाई फोटो लावला. खाडीच्या कडेनं एका रांगेत सहा गोल, आणि त्याच फोटोत आतल्या बाजूला काळेकुट्ट चौकोन. वक्त्यांनी लेझर फिरवत सांगितलं, हे सहा तोफांचे खड्डे, विमानं पाडायच्या तोफा, आणि हे काळे चौकोन म्हणजे जळालेला साठा. हॉलमध्ये एकदम 'अरे वा' झालं. तेव्हापासून आमच्या ओळखीतल्या लोकांत दोन तट पडलेत. एका तटाला तिथं फलक लावायचाय, महापालिकेला द्यायच्या निवेदनाचा मसुदासुद्धा तयार आहे. दुसरा तट म्हणतो की हा सगळा रिकामटेकड्यांचा उद्योग आहे, कागद दाखवा नाहीतर गप्प बसा, फोटो वाचणं हे लष्करातल्या आणि पुरातत्त्वातल्या लोकांचं काम. महिनाभर दोन्हीकडचं ऐकतोय, आणि खरं सांगू का, दोघंही चुकीच्या गोष्टीवर भांडतायत.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. जुन्या फोटोवरून युद्धातली ठिकाणं शोधायचं काम कुणीही करावं, जरूर करावं, पण त्या फोटोतून जे निघतं ते 'संशयित ठिकाण' असतं, आणि ते 'ठिकाण' व्हायच्या आधी त्या जमिनीवर राबलेल्या माणसाला विचारावंच लागतं. फलकवाले हा 'संशयित' शब्द खाऊन टाकतात आणि कागदवाले ती जमीनवाली माणसं. मी स्वतः सर्व्हेच्या लाईनमधला, वीसेक वर्षं लोकांच्या प्लॉटच्या हद्दी मोजतोय, त्यामुळे वरून दिसणारी रेघ आणि जमिनीवरची रेघ यात किती भानगडी होतात ते रोज बघतो.

आधी हे मान्य करू की फलकवाल्यांची कल्पना काही अगदीच हवेतली नाही. १९४२ च्या एप्रिलमध्ये जपान्यांनी कोलंबोवर बॉम्ब टाकले, लगेच विशाखापट्टणम आणि काकीनाड्यावर टाकले, त्याच वर्षीच्या डिसेंबरात कलकत्त्यावर. मुंबई हे पश्चिम किनाऱ्यावरचं सगळ्यात मोठं बंदर, तिथं संरक्षणाची तयारी नसेल तरच नवल. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन नावाची बोट उडाली तेव्हा पहिल्यांदा पुष्कळ लोकांना वाटलं जपानी आले, इतकी ती भीती अंगात भिनलेली होती. आणि आपल्या ठाणे जिल्ह्यात तर युद्धाचा पुरावा आजही राहता-वावरता आहे. उल्हासनगर म्हणजे दुसरं काय? कल्याणजवळची युद्धकाळातली लष्करी छावणी, दोन हजारांहून जास्त बराकी, युद्ध संपलं, फाळणी झाली, सिंधी निर्वासित त्याच बराकींत येऊन राहिले आणि ८ ऑगस्ट १९४९ ला राजगोपालाचारींच्या हस्ते गावाला नाव मिळालं. पंच्याहत्तर वर्षं उलटून गेली तरी रिक्षावाला अजून विचारतो, 'कॅम्प तीन का कॅम्प चार?' तर मग खाडीकाठीही एखादी तोफ असेल, यात अशक्य काय? काहीच नाही. फक्त 'असू शकेल' पासून 'हीच ती' पर्यंत जायला मधे बराच रस्ता आहे आणि तो पायी जावा लागतो.

आता त्या फोटोकडे या. मी तो प्रिंट मागून घेतला, म्हणजे खरंतर फोनवर स्क्रीनशॉट मिळाला, स्क्रीनशॉटचा स्क्रीनशॉट, आणि रात्री जेवणानंतर बघत बसलो. जरा हिशोब करू. समजा सहा इंची लेन्सचा कॅमेरा आणि विमान पंधरा हजार फुटांवर, तर स्केल येते १:३०,०००. म्हणजे नऊ-दहा मीटरचा तोफेचा खड्डा मूळ फोटोवर ०.३ मिलिमीटर, मुंगीच्या डोक्याएवढासुद्धा नाही. तो आठ पट झूम करून आपण छातीठोकपणे बोलतो. युद्धात हे काम करणारे एकेका फोटोवर निकाल देत नव्हते, विमान पुढे जाताना लागोपाठचे फोटो एकमेकांवर साठेक टक्के चढतील असे काढायचे, मग जोडीतले दोन फोटो दोन डोळ्यांसमोर स्टिरिओस्कोपखाली धरले की घर, झाड, खड्डा सगळं उंची-खोलीसकट उभं राहतं. आपल्याकडे जोडी नाही, एकच फोटो, तोही कापलेला, कडेची पट्टी उडालेली. त्या पट्टीवरच तर तारीख आणि उड्डाणाचा नंबर असतो!

पण गंमत पुढेच आहे. सहज म्हणून मी फोन उलटा धरला, आणि ते सहा खड्डे टपाटप वर आले. खड्डे नव्हतेच, ढीग होते. बायकोला दाखवलं, तिलाही तसंच. याचं कारण जादू नाही, आपल्या डोळ्याला सवय आहे की उजेड वरून येतो. आपल्याकडे वर्षातले नऊ-दहा महिने दुपारचा सूर्य दक्षिणेकडे कललेला, त्यामुळे उत्तर वर ठेवून फोटो बघितला की उजेड खालून आल्यासारखा होतो आणि डोळा फसतो, ढिगाचा खड्डा आणि खड्ड्याचा ढीग. म्हणून फोटो वाचणारे लोक फोटो असा धरतात की सावल्या आपल्याकडे पडल्या पाहिजेत, पहिल्या दिवशी शिकवायची गोष्ट आहे ही. हॉलमध्ये साठ-सत्तर माणसं होती, त्यात मीही होतो, एकालाही सुचलं नाही.

मग ढीग कसले? माझ्याबरोबर साईटवर असणाऱ्या ऐरोलीच्या मुलाचे आजोबा ऐंशीच्या पुढचे, आगरी, उमेदीची वर्षं मिठागरात गेली. त्यांच्या ओटीवर बसून फोन दाखवला. चष्मा कपाळावर चढवून, फोन नाकाशी नेऊन त्यांनी बघितलं आणि म्हणाले, 'आरं ये त मिठाच्या राशी हान, तोफा कंच्या?' मीठ वाफ्यातून ओढून बांधावर आणायचं, बांधाच्या कडेनं गोल राशी लावायच्या, पावसाच्या आधी वरून गवत घालून झाकायच्या. बांध सरळ म्हणून राशी रांगेत, कामाला सोपं म्हणून सारख्या अंतरावर. आणि ते काळे चौकोन बघून तर ते हसायलाच लागले. तो राब होता. भाताचं रोप टाकायच्या आधी त्या तुकड्यावर पालापाचोळा, शेण, गवत पसरून जाळतात, उन्हाळ्याच्या शेवटी सगळा कोकण असा ठिकठिकाणी काळा दिसतो. आमच्या वक्त्यांना तिथं जळालेला दारूगोळा दिसला!

तोफखान्याचा आराखडा माहीत असता तरी शंका आली असती. ब्रिटिशांच्या जड विमानविरोधी तोफा साधारण चार असायच्या, अर्धवर्तुळात, मध्ये हुकूम देणारी चौकी, कारण विमानाची दिशा आणि उंची मोजणारी यंत्रं तिथं असायची आणि तिथून प्रत्येक तोफेपर्यंत केबल जायची. दारूगोळा न्यायला रस्ता हवा, थोड्या अंतरावर माणसांच्या बराकी हव्यात. आपल्या फोटोत सहा गोल सरळ रांगेत, रस्ता नाही, बराक नाही, बाजूला मिठाचे वाफे आहेत आणि खाडीचं पाणी आत-बाहेर सोडायची उघाडी आहे. लष्करानं पन्नास-साठ माणसं ठेवली तर ती जेवायला, आंघोळीला कुठंतरी जाणार, पायवाटा पडणारच. युद्धात कितीतरी झाकलेली ठिकाणं याच पायवाटांनी उघडी पाडली, वर जाळी पांघरली पण वाट कशी झाकणार?

इथं कागदवाले खूश होतील, बघा आम्ही म्हणत नव्हतो? थांबा. तुमचं म्हणणं काय होतं, की हे तज्ज्ञांचं काम. आता मला सांगा, आमच्या सहा गोलांचा निकाल कुठल्या तज्ज्ञानं लावला? मीठ ओढलेल्या माणसानं. इंग्लंडमध्ये मेडमेनहॅमला एका मोठ्या बंगल्यात फोटो वाचायचं मुख्य केंद्र होतं, तिथं भरती कुणाची झाली? पुरातत्त्ववाले, भूगोलवाले, नट-नट्या, चर्चिलची मुलगी सारा पण होती. १९४३ च्या नोव्हेंबरातल्या पेनेमुंडे या जर्मन चाचणी-तळाच्या फोटोत उताराच्या पट्टीवर एक बारकंसं विमान ज्या बाईंनी हेरलं आणि व्ही-१ या जर्मन उडत्या बॉम्बचा उलगडा झाला, त्या कॉन्स्टन्स बॅबिंग्टन स्मिथ आधी विमानांच्या मासिकात लिहायच्या. आपल्याकडे दिल्लीत हे काम ज्यांनी केलं त्यात ग्लिन डॅनियल आणि स्टुअर्ट पिगट हे पुरातत्त्वाचे लोक होते, पिगट तर इथल्या मुक्कामामुळे पुढे भारताच्या प्रागितिहासावर लिहिते झाले. म्हणजे ज्यांना आज तुम्ही 'त्या क्षेत्रातले' म्हणता ते त्या कामात बाहेरूनच आलेले होते.

आणि तज्ज्ञांचंच म्हणाल तर नाझींच्या ऑशविट्झ छळछावणीचं उदाहरण मला झोप लागू देत नाही. ४ एप्रिल १९४४ ला दक्षिण आफ्रिकेच्या हवाईदलाचं विमान इटलीतून उडालं, मोनोवित्झच्या रसायन कारखान्याचे फोटो काढायला. कॅमेरा चालूच होता, त्यामुळे शेजारची छळछावणीही फोटोत आली, नंतरच्या उड्डाणांत पुन्हा पुन्हा आली. फोटो वाचणारे जगातले सर्वोत्तम, स्टिरिओस्कोप होते, मूळ निगेटिव्हच्या प्रती होत्या, आणि तरी त्यांनी कारखाना मोजला, छावणीकडे दुर्लक्ष झालं, कारण त्यांना प्रश्न कारखान्याचा दिला होता. १९७९ मध्ये डिनो ब्रुजिओनी आणि रॉबर्ट पॉयरियर या सीआयएच्या दोघांनी तेच फोटो परत काढून बघितले तेव्हा गॅस चेंबर, दाहगृहं, रांगेत चालणारी माणसं, सगळं तिथंच होतं. पस्तीस वर्षं फोटो डब्यात पडून होते. नजर नव्हती असं कोण म्हणेल? कुणी विचारलंच नव्हतं. म्हणून हौशी माणसानं विचारलेला भलताच प्रश्न मला मोलाचा वाटतो, त्याचं उत्तर चुकलं तरी.

उलट बाजूला, खात्रीनं बोलण्याचा धोका तज्ज्ञांनाही सुटत नाही. ५ फेब्रुवारी २००३ ला अमेरिकेचे तेव्हाचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल सुरक्षा परिषदेत उपग्रहाचे फोटो घेऊन उभे राहिले, इराकमधल्या ताजीचे बंकर, शेजारी एक ट्रक, आणि जगाला सांगितलं की हा ट्रक म्हणजे रासायनिक शस्त्रांची खूण. तो ट्रक साधा पाण्याचा टँकर किंवा आगीचा बंबही असू शकतो हे नंतर पुढे आलं, आणि शस्त्रांचे साठे तर सापडलेच नाहीत. आमचे वक्ते मिठाच्या राशीवर चुकले तर हसण्यावारी गेलं. तिथं युद्ध झालं.

कागदवाल्यांच्या दोन मुद्द्यांना मात्र मी टाळून जाणार नाही. पहिला, की एखाद्या जमिनीला 'लष्करी' म्हणणं हा आपल्या भागात खेळ नाही. कल्याण-मलंगगड रस्त्यावर नेवाळीला युद्धकाळात धावपट्टी झाली, शेतकऱ्यांच्या जमिनी त्यात गेल्या, त्यांचं म्हणणं की युद्धापुरत्या घेतल्या होत्या त्या परत द्या, आणि २०१७ च्या जूनमध्ये नौदलाच्या भिंतीवरून तिथं आंदोलन पेटलं, गाड्या जळल्या. म्हणजे त्या जुन्या लष्करी ठिकाणावर माणसांचा सात-बारा अडकलाय. उद्या कुणी हौसेनं एखाद्या गावाच्या खाजणावर 'युद्धकालीन लष्करी स्थळ' असा फलक ठोकला आणि त्या फलकाचा फोटो कुठल्यातरी दाव्यात जोडला गेला तर? मी हद्दी मोजतो, मला माहितीय वकील कशाचा काय करतात. हा मुद्दा शंभर टक्के बरोबर आहे. पण त्यावरून 'बघूच नका' हे कसं निघतं? नेवाळीसारख्या ठिकाणी तर तारीखवार हवाई फोटो हाच गावकऱ्यांच्या कामाचा कागद होऊ शकतो, कुठली खाचरं कधीपर्यंत लागवडीखाली होती, बांध कधी मोडले. फेरफार कुणी लिहिला त्यावर त्याची मर्जी चालते, पण कॅमेऱ्याला त्या दिवशी तलाठी भेटलेला नसतो.

दुसरा मुद्दा, कागद असताना फोटो कशाला. असताना! युद्धातली कामं घाईची, तात्पुरती, वीट-पत्रा-मातीची, काम संपलं की मोडली. जे कागद झाले त्यातले पुष्कळसे लंडनला. आणि जमीन? सिडको आली १९७० ला, त्या आधी-नंतर एमआयडीसी, खाजणं भरली, टेकड्यांच्या दगडखाणी झाल्या, आज ज्याला आपण सेक्टर म्हणतो तिथं भरतीचं पाणी चढायचं. अशा भागात त्या काळचा फोटो हाच कधी कधी एकमेव साक्षीदार उरतो. साक्षीदार एकटाच आहे म्हणून त्याला हाकलत नाहीत, त्याची उलटतपासणी जरा जास्त घेतात. तुम्हाला पैसे घालायचे नसतील तर अमेरिकेच्या कोरोना हेर-उपग्रहांनी १९६० ते १९७२ मध्ये काढलेले फोटो १९९५ मध्ये खुले झालेत, आठ लाखांच्या वर आहेत, आणि कुणी एकदा स्कॅनचे पैसे भरले की तो तुकडा सगळ्यांना फुकट उतरवता येतो. युद्धानंतरचे आहेत, पण सिडकोच्या आधीची जमीन बघायला याहून सोपं काय?

ही शिस्त कुठं बघायची तर जर्मनीत बघा, तिथं हा प्रश्न हौसेचा नाही, जिवाचा आहे. युद्धात दोस्त राष्ट्रांच्या विमानांनी टाकलेले हजारो बॉम्ब फुटले नाहीत, जमिनीत आहेत, त्यामुळे कितीतरी ठिकाणी नवीन बांधकामाच्या आधी युद्धातले हवाई फोटो तपासतात. मोठा खड्डा म्हणजे फुटलेला बॉम्ब, त्याच्या शेजारी बारीक ठिपका म्हणजे कदाचित आत शिरून न फुटलेला. त्या ठिपक्याला ते काय म्हणतात? 'संशयाचा बिंदू'. बॉम्ब म्हणत नाहीत. मग तिथं भोकं पाडून लोखंड लागतंय का बघतात, बऱ्याचदा काहीच निघत नाही, आणि कुणाची त्यात नाचक्की होत नाही. ३ सप्टेंबर २०१७ ला फ्रँकफर्टमध्ये खोदकामात सापडलेला १.८ टनांचा ब्रिटिश बॉम्ब निकामी करायला साठ हजारांहून जास्त माणसं एका दिवसासाठी घराबाहेर काढली, हॉस्पिटलांसकट. असं शहर जर नकाशावर 'संशय' हा शब्द जपून वापरू शकतं तर आम्हाला सहा गोलांवर फलक लावायची कसली घाई आहे?

हौशी लोकांनी हे नीट केल्याचा दाखलाही आहे. ब्रिटनमध्ये १९९५ नंतर काही वर्षं डिफेन्स ऑफ ब्रिटन नावाची मोहीम चालली, गावोगावच्या साध्या माणसांनी युद्धातली बंकरं, अडथळे, चौक्या शोधून नोंदवल्या, नोंदी वीस हजारांच्या आसपास गेल्या. तिथंही चुकीच्या नोंदी आल्याच असतील, माणसंच ती. पण जागा, मोजमाप, आज काय शिल्लक आहे, हे लिहायचं ठरलेलं असलं की दुसरा माणूस जाऊन खोडू शकतो. आमच्या व्याख्यानात खोडण्यासारखं काही ठेवलंच नव्हतं, तारीख नाही, स्केल नाही, उत्तर कुठं ते नाही. जे खोडता येत नाही ते मानायचं तरी कशाच्या जोरावर? आणि कृपा करून 'भावना दुखावल्या' असं म्हणू नका, राशी मिठाच्या निघाल्या तर ठाण्याचा अपमान होत नाही. उलट मला तर वाटतं, फलक लावायचाच असेल तर मिठागराचा लावा, ती तोफेपेक्षा जास्त वेगानं गेली.

एक गोष्ट राहिली, ती लपवणार नाही. त्या सहा राशींपासून वरच्या बाजूला, बांध सोडून जरा उंचवट्यावर, अजून एक कडं आहे. फोन उलटा धरला तरी ते वर येत नाही, कडं उंच आणि मध्ये खोलगट असंच दिसतं, आणि त्याच्यापर्यंत एक वाट जाते जी पुढे कुठंच जात नाही. आजोबांना विचारलं, ते बराच वेळ बघत राहिले, म्हणाले चुन्याची भट्टी असंल, मग म्हणाले, नाय, भट्टी तिकडं नव्हती. वडिलांच्या तोंडून गोऱ्यांच्या मोठ्या दिव्याचं काहीतरी ऐकल्यासारखं वाटतंय, पण नक्की आठवत नाही. सर्चलाईट? शक्य आहे, तिच्याभोवतीही मातीचं गोल कडं करत असत. मी परवा रविवारी स्कूटर काढून गेलो, ती जागा आता सोसायटीच्या मागच्या भिंतीत आणि एका नाल्यात वाटली गेलीय, वॉचमन आत सोडेना. माझ्या प्रिंटवर मी तिथं पेन्सिलीनं एक प्रश्नचिन्ह काढून ठेवलंय. वक्त्यांना दोनदा फोन केला, म्हटलं मूळ फोटोची ती कडेची पट्टी कुठं असेल तर बघा, ते म्हणाले ज्यांच्याकडून मिळाला त्यांना विचारतो. तारीख आणि वेळ मिळाली की सावलीवरून त्या कड्याची उंची मी काढून देईन, फुकटात, आणि आजोबांना परत एकदा दाखवेन.